आईच्या कॉम्प्युटरवरचा तुझा बाण

प्रिय पारीस,

आज रविवार. मी निपाणीत, आईच्या घरी बसले आहे. आई बस्तीत देवदर्शनाला गेली आहे. तिथे आज अभिषेक आहे, त्यामुळे अकराच्या आत काही ती परतत नाही. तिच्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू आहे. पडद्यावर टक्के चढताहेत आणि खाली लिहिलंय, कॉम्प्युटर बंद करू नका. तो बंदही करता येत नाही आणि त्यावर दुसरं कामही करता येत नाही. म्हणून कागद घेतला आणि तुला लिहायला बसले.

तू म्हणाला असतास, आक्का, पत्र कशाला, मेसेज टाक की. टाकला असता रे. पण तुझा फोन बेंगळुरूला तुमच्या घरी, स्नेहलच्या कपाटात आहे आणि तो तुझ्या बोटाशिवाय उघडत नाही. दुकानात दाखवला तर ते म्हणाले, आतलं सगळं पुसलं तरच उघडेल. स्नेहलनं तो तसाच परत आणून ठेवला.

तू गेल्यावर मी रडले नाही म्हणून लोक बरंच बोलले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढल्यावर एक सवय लागते, आधी काय झालं, मग काय झालं, ते ओळीनं बघायचं. रडायचं मागं राहून जातं. तर गेल्या दोन महिन्यांत इथे जे झालं ते तुला तसंच ओळीनं सांगते. ते तुझ्यामुळेच झालं, आणि निभावलं तेही तुझ्यामुळेच.

हा कॉम्प्युटर आप्पांनी घेतला तेव्हा तू बेंगळुरूला नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. तंबाखूच्या वखारीचा हिशेब त्यावर ठेवायचा असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी तो ठेवला नाही. हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. वखार बंद झाली, मग आप्पाही गेले. मी म्हटलं, हे खोकं आता काढून टाकू. आई म्हणाली, असू दे, धूळ पुसायला काहीतरी लागतंय.

मग एका दिवाळीत तू तिला खुर्चीवर बसवलंस. आधी पत्ते खेळायला शिकवलंस. माऊस धरायची सवय व्हावी म्हणून पत्ते, असं तू मला हळूच सांगितलं होतंस. महिन्याभरात ती प्रवचनं लावून ऐकायला लागली. पुढे महिला मंडळाची पदं तिच्याकडेच रेकॉर्ड होऊ लागली. मंडळातल्या बायका दुपारी आपल्या पुढच्या खोलीत बसून म्हणायच्या आणि आई बटण दाबायची. त्यातल्या काही आता नाहीत. शेजारच्या मालूकाकू नाहीत. त्यांचा आवाज फक्त इथेच होता.

पडद्यावर जे टोकदार फिरतं त्याला आई 'बाण' म्हणते. तिचा एक बाण आणि तुझा एक बाण.

तू रविवारी सकाळी बेंगळुरूहून तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचास. तुझ्या घरी बसून तू माऊस हलवायचास आणि इथे निपाणीत बाण चालायचा. अपडेट करायचास, व्हायरस आहे का बघायचास, तिनं नको तिथे दाबून जे काही गोळा केलेलं असेल ते काढून टाकायचास. तिला काही सांगायचं असलं की पडद्यावर लिहायची कोरी पाटी उघडायची आणि त्यावर तुझी अक्षरं उमटायची. 'आई, माऊस सोड.' 'आई, चष्मा लावलास का?' ती एका बोटानं उत्तर लिहायची. फोन शेजारी ठेवलेला असतानासुद्धा तुम्ही दोघं पाटीवर लिहीत बसायचा. का रे? फोनवर बोलणं सोपं नव्हतं?

बाण यायच्या आधी ती केस विंचरायची. आई, तिथे कॅमेरा नाही, पारीसला तू दिसत नाहीस, असं मी तिला सांगितलं होतं. तूही सांगितलं होतंस. ती व्हय म्हणायची आणि विंचरायचीच.

एकदा मी अचानक आले होते, आठवतं? बेळगावहून सकाळची बस पकडून, हातात पेरूंची पिशवी. दारातच आई म्हणाली, हळू बोल, पारीस आलाय. मी चप्पल काढून आत डोकावले. खोलीत कोणी नव्हतं. पडद्यावर तुझा बाण इकडून तिकडे फिरत होता आणि आई त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी चहा केला. बसनं आलेल्या माणसापेक्षा वायरीतून आलेल्याला मान जास्त, हे मला त्या दिवशी लागलं होतं. तुला कधी बोलले नाही.

आता बोलते. तू वर्षातून दोनदा यायचास, दिवाळीला आणि पर्युषणात. बाण दर रविवारी यायचा. बाण येतोय म्हटल्यावर तुलाही वाटायचं की आपण जाऊन आलो, आणि तिलाही वाटायचं की तू येऊन गेलास. त्यात खोटं काही नव्हतं. पण तिच्या गुडघ्याला सूज आली होती ती तुला कळली कधी? मी सांगितली तेव्हा.

आणखी एक. एकदा ती प्रवचन ऐकत असताना कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अपडेटच होतं ते. तिला वाटलं आपल्या हातून मोडला. तिनं घाबरून तुला फोन केला. तू तेव्हाच आपोआप होणारे अपडेट बंद करून टाकलेस आणि म्हणालास, आता मी आल्याशिवाय काही होणार नाही, मी रविवारी हातानं करीन. तेव्हा मला ते तुझं प्रेम वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण कधी कधी एक प्रश्न येतो. ते फक्त तिची भीती जावी म्हणून केलंस, की रविवारी यायला काही कारण असावं म्हणून?

डिस्कबाबत मात्र तू कडक होतास. ती काळी छोटी डिस्क, जिला आई 'पेटी' म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आई ती कपाटातून काढायची. आप्पांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात ती गुंडाळलेली असायची. तू फोनवर म्हणायचास, आता लाव. ती लावायची. सगळं उतरवून झालं की तू म्हणायचास, आता काढ. ती काढून पुन्हा गुंडाळून ठेवायची. मी तुला विचारलं होतं, लावलेलीच राहिली तर काय बिघडतं, म्हातारीला उठबस कशाला? तू म्हणालास, आक्का, चोर घरात शिरला तर तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकलेली नको.

मग तू गेलास. कामाच्या दिवशी, ऑफिसच्या जिन्यात. त्याबद्दल इथे लिहीत नाही, त्यात आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते सांगते. आई केस विंचरून कॉम्प्युटरसमोर बसायची आणि पत्ते खेळायची. कोपऱ्यात अपडेटची सूचना यायची. ती तिला हात लावत नसे. मी एकदा म्हटलं, काहीतरी मागतंय बघ ते. ती म्हणाली, ते पारीसचं काम हाय. पेटीही कपाटातून निघाली नाही. तुझं शिरायचं दारही तसंच राहिलं. घरातला माणूस गेला की त्याची दुसरी किल्ली कुणाकडे होती, हे कोण विचारतं?

पर्युषण होऊन गेलं होतं. एका दुपारी मी लॅबमध्ये होते. आईचा फोन आला. ती दुपारी कधी करत नाही.

"पद्मा," ती म्हणाली, "पारीसचा बाण हालाय लागलाय गं."

मी म्हटलं, आई, तुझा हात लागला असेल माऊसला.

"माझं दोन्ही हात मांडीवर हाईत."

तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. एक सांगते पारीस, क्षणभर माझ्याही हातातली नळी तशीच राहिली. क्षणभरच. मग मी विचारलं, काय करतोय बाण? फिरतोय, ती म्हणाली. फोटोंच्या खोक्यात गेलाय; फोल्डरला ती खोकं म्हणते. मग म्हणाली, मी पाटी उघडून 'कोण' असं लिहिलं, त्यानं इंग्रजीत काहीतरी लिवलंय. अक्षर अक्षर लावून तिनं मला ते वाचून दाखवलं. त्याचा अर्थ होता, मॅडम, अपडेट चालू आहे, थांबा.

मी तिला सांगितलं, आई, मागची निळी वायर ओढ. नेटची. आत्ता.

"थांब जरा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. कपाळावर हात मारावा असं मला वाटलं, पण हातात मोजे होते. मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. नुसती थांबले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, काढली.

मी साहेबांना सांगून निघाले. बस निपाणीच्या स्टँडवर पोचेपर्यंत दिवे लागले होते. घरी आले तर आई कॉम्प्युटरसमोर त्याच खुर्चीत बसलेली. पडद्यावर काळ्या पाटीवर लाल अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, तुमच्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, परत हव्या असतील तर आमच्याशी बोला. आईनं पेटी कपाटातून काढली होती. धोतराचा तुकडा सोडून ती तिच्या मांडीवर होती आणि तिची वायर आईच्या हातात.

मी विचारलं, लावलीस?

ती म्हणाली, न्हाय. कोण म्हणालंच न्हाय, आता लाव म्हणून.

मी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यावर ठेवली. मला तेव्हा एवढंच सुचलं की ती आणि कॉम्प्युटर एका खोलीत नकोत.

मग मी स्नेहलला फोन केला. खरं सांगायचं तर तुझे दिवस झाल्यापासून आम्ही दोघी धड बोललोच नव्हतो. भांडण नव्हतं. तिला मी कोरडी वाटले असणार, आणि तिच्याशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं. तिनं शांतपणे सगळं ऐकलं. कॉम्प्युटरच्या कामात ती तुझ्याइतकीच तयार आहे हे मी विसरलेच होते. घरात हे सगळं तू करायचास ना.

तिनं पहिलं विचारलं, आक्का, डिस्क कुठे आहे?

मी सांगितलं, तांदळाच्या डब्यावर.

"ती कशालाच लावू नका. मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका." मग म्हणाली, "आक्का, आमच्याकडे आर्याचा एकही जुना फोटो नाही."

तेव्हा मला कळलं, पारीस. तुझा लॅपटॉप ऑफिसचा होता, ऑफिसनं तो परत नेला आणि पुसला. फोटो सगळे तुझ्याच फोनवर, आणि तो उघडत नाही. आईच्या प्रवचनांचा, पत्त्यांचा, मालूकाकूंच्या पदांचा बॅकअप तू महिन्याच्या महिन्याला घेत होतास. आणि स्वतःच्या घरात? काही नाही. आर्या जन्मल्यापासूनचे फोटो तू आजीला दिसावेत म्हणून इथे चढवत होतास, म्हणून ते इथे होते. तुझ्या घरात दिव्याखाली अंधार होता हे तुला माहीत तरी होतं का?

स्नेहल आर्याला तिच्या आईकडे ठेवून एकटीच आली. बेंगळुरूची गाडी हायवेवर सकाळी सोडते, तिथून ती रिक्षानं आली. आई दारात उभी होती. स्नेहल चिकोडीकडची, दोघींचं कन्नडमध्येच चालतं. त्या काय बोलल्या ते मला सगळं कळलं नाही. कळलं एवढंच की आईनं तिला आधी जेवायला बसवलं आणि ती नको नको म्हणत जेवली.

जेवण झाल्यावर स्नेहलनं, मलाही कळावं म्हणून मराठीत, आईला विचारलं, नेमकं काय काय दिसलं, पहिल्यापासून सांगा. चोर कसा शिरला हे तिला समजून घ्यायचं होतं. आईनं सांगितलं. ती पत्ते खेळत होती. बाण सरकला. तिनं हात काढून मांडीवर ठेवले, तू शिकवलं होतंस तसे. बाण एक एक खोकं उघडत गेला. आधी मंडळाचं, मग फोटोंचं. ती पाटी उघडायची वाट बघत बसली. पाटी उघडली नाही तेव्हा तिनं स्वतः उघडली.

मी विचारलं, आई, तुला खरंच वाटलं की तो आहे?

"न्हाई गं," ती म्हणाली. "एवढी काय मी येडी हाय? जाळून आलेल्या माणसाचा बाण हालत न्हाई, एवढं मला कळतंय. पर हालत मातुर तसाच हुता."

मग वायर काढायला वेळ का लावलास, हे मी विचारलं नाही. स्नेहलनंही नाही.

पुढचं काम स्नेहलनं केलं आणि मी बघत बसले. तिनं आधी पेटी स्वतःच्या स्वच्छ लॅपटॉपला लावली, पण त्याआधी त्याचं नेट बंद केलं. पेटीत काही किडलेलं नाही ना ते तपासलं. ते तपासणं बराच वेळ चाललं. आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती आणि मधूनच लॅपटॉपकडे बघत होती. मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिचे खांदे वर चढलेले होते, कान झाकायला जातात तसे.

मग ते खाली आले. स्वच्छ आहे, ती म्हणाली.

तिनं एक फोल्डर उघडलं. आर्या, टॉवेलात गुंडाळलेली, डोळे मिटलेले, आणि तिला धरलेला तुझा हात. फक्त हात. फोटो तूच काढला होतास ना, एका हातानं. स्नेहलनं लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला आणि ती रडली. आईनं तांदळाचं ताट खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी चहा टाकायला गेले. मला तेच जमतं.

नंतर तिनं बाजारातून आणायला लावलेल्या नव्या डिस्कवर सगळ्याची दुसरी प्रत केली. मगच आईचा कॉम्प्युटर पूर्ण पुसला, नव्यानं उभा केला, सगळे अपडेट घेतले, आणि पेटीतलं परत आत ओतलं. चोर कसा आला तेही तिनं शोधलं. तू ज्या प्रोग्रॅममधून शिरायचास, तोच तुझ्यानंतर जुना झाला होता, त्यातली भोकं बुजवायला कोणी नव्हतं. आणि त्याचा पासवर्ड तू आणखी कुठेतरी वापरला होतास, तो तिथून फुटला असणार. आर्याचं नाव आणि वर्ष. पारीस, दुसऱ्यांना तू काय काय सांगायचास? एक पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नका. पोरांची नावं ठेवू नका. मला तर तू खडसावलं होतंस.

मालूकाकूंचा आवाज आला तेव्हा आई उठून उभी राहिली. पद पूर्ण होईपर्यंत उभीच होती.

पण एक गोष्ट परत आली नाही. पेटीत शेवटचं उतरवलं होतं ते तू असतानाचं. त्यानंतर जे जे कॉम्प्युटरवर चढलं, ते सगळं चोराच्या कुलपात गेलं. म्हणजे तू गेल्यानंतरचं सगळं. तुझ्या दिवसांना आलेल्या लोकांचे फोटो, शेजाऱ्यांनी पाठवलेले, आईनं निगुतीनं एका खोक्यात ठेवलेले. आता कॉम्प्युटर बघितला तर तू गेलेलाच नाहीस.

मी म्हटलं, झालं ते बरंच झालं. ते कशाला ठेवायचे?

आई माझ्यावर चिडली. बऱ्याच वर्षांनी चिडली. म्हणाली, कोण कोण आलतं ते ऱ्हायला पायजे. मावशीची नणंद पाय मोडलेला असताना काठी टेकत आलती. वखारीतल्या जुन्या बायका विड्या वळायच्या टाकून आलत्या, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यांचं येणं पुसून टाकतीस काय?

दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला फोन लावून ते फोटो परत मागवले. किती जणांनी जपून ठेवले होते. मला नवल वाटलं. त्यानिमित्तानं सगळे पुन्हा तुझ्याबद्दल बोलले. एकानं सांगितलं, तू त्याच्या मुलाचा लॅपटॉपही असाच बेंगळुरूहून दुरुस्त करून द्यायचास. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. किती घरांत फिरत होतास तू रविवारी? आईला वाटायचं तू फक्त तिच्याकडे येतोस. मी तिला सांगितलेलं नाही.

स्नेहल निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो होतो. सगळं लावून झालं होतं. अपडेट आता आपोआप होतात. मशीन मध्येच बंद होऊन सुरू झाली तर घाबरायचं नाही, हे स्नेहलनं आईकडून दोनदा म्हणवून घेतलं. एक डिस्क आईच्या कपाटात राहणार, दुसरी स्नेहल नेणार, आणि येता-जाता अदलाबदल करायची. मग स्नेहल म्हणाली, बाहेरून शिरायचा प्रोग्रॅमही नव्यानं टाकून देते, यावेळी नीट कुलूप लावून. आक्का बेळगावहून बघतील, मी बेंगळुरूहून बघीन. अम्मांना एकटं वाटायला नको.

मला ते पटलं. दर वेळी बस, रजा, हे माझ्याच्यानं कुठवर होणार?

आई पडद्याकडे बघत होती. तिनं पत्त्यांचा डाव लावला होता, पण खेळत नव्हती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नको."

मी विचारलं, का गं?

"परत एकदा कुणी तरी आत आलं, आणि बाण हालाय लागला, तर मी वायर काढीन का न्हाई, मला सांगता येत न्हाई."

ती हे एवढ्या साध्या आवाजात बोलली की स्नेहलला वाटलं, आईला आपलं म्हणणं कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. स्नेहलनं लॅपटॉप मिटला.

तर असं झालं, पारीस. तुझं दार आता बंद आहे. मीच बंद करायला सांगितलं, मीच त्याची खात्री करून घेतली. राग आला असला तर माझ्यावर धर, स्नेहलवर नको. तिनं तुझं घर सावरलंय, आणि आता दर आठवड्याला आईला फोन करते. दोघी कन्नडमध्ये काय बोलतात ते मला अर्धंच कळतं, आणि तेवढं पुरे आहे.

तुला एकच शब्द देते. मी इथे माझा बाण कधी पाठवणार नाही. सोयीचं असलं तरी नाही, गुडघे दुखले तरी नाही. जमेल तेव्हा मी बसनं येईन आणि आईच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. जमणार नसेल तेव्हा तिला तसं सांगेन, आज येत नाही म्हणून, आणि त्या दिवशी तिच्यासमोर कुणीही नसेल.

तुझी,
आक्का